सात आणि एकोणीस

तंजावूर, मंगळवार, १९५८

आज छापखान्यात फर्म्यांना, छापून आलेल्या मोठ्या कागदांना, घड्या घालत होतो. गणिताचं तमिळ पुस्तक. अक्षरं मला वाचता येत नाहीत, पण मधेच एक वर्गसमीकरण दिसलं नि हात थांबला. x² − २६x + १३३ = ०.

हे तर माझं! घरी, साताऱ्याकडे, बहीण गंगी सात वर्षांची, मी एकोणीसचा. तीच दोन मुळं धरून मी ते घडवलं होतं. बेरीज चिन्ह उलटून मधे, गुणाकार शेवटी. दुसरा कोण सात नि एकोणीस धरील?

चार महिने रोज संध्याकाळी इथल्या शाळेत गणित शिकवणाऱ्या मास्तरांच्या ओट्यावर बसून अशी समीकरणं केली. म्हणायचे, आधी घडवायला शीक, मग सोडवायला शिकवतो, मग मॅट्रिकला बसवतो. मला वाटलं, माझाच अभ्यास चाललाय. पुस्तकावरचं नाव शेजारच्या कामगाराकडून वाचून घेतलं, तर ते मास्तरांचं.

संध्याकाळी विचारलंच. हसले. मला ते तंबी म्हणतात, इकडं धाकट्या भावाला म्हणतात तसं. "नावापुढं बी.ए. लागतं रे तंबी. तुझं नाव बघून कोण घेणार?"

"मग सोडवायला कधी शिकवणार, मास्तर?"

"घडवायला येतं ना? पुरे की."

म्हणजे मॅट्रिक नाहीच. दुसऱ्यानं घातलेलं एकही समीकरण मला सुटत नाही. माझी सुटतात, कारण उत्तर आधीच ठाऊक असतं. सात नि एकोणीस. गंगीचं वयसुद्धा छापलं त्यांनी.

मी उठलो तर म्हणतात, "दुसऱ्या भागाला आणखी वीस हवीत, शुक्रवारपर्यंत."

आणि मी "बरं" म्हणालो. नाही म्हणायचं तोंडाशी आलं होतं, आणि म्हणालो काय, तर "बरं"!