इराप्पाच्या नावापुढचा हिरवा ठिपका

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या फोरमवर जुन्या सभासदाला ‘जुनं खोड’ म्हणतात, नवख्याला ‘अंडं’. आज एका अंड्यानं मदत मागितली ती नेमकी इराप्पाकडं. इराप्पाला जाऊन वर्ष झालं, पण नावाखाली ‘जुनं खोड’ अजून तसंच.

त्याचं खातं सात रस्त्यावरच्या माझ्या सायबर कॅफेत मीच काढून दिलेलं. पासवर्ड वहीत होता. वाटलं, उत्तर देऊन खातं बंद करावं, म्हणून उघडलं. नावापुढं ‘ऑनलाइन’चा हिरवा ठिपका लागला. तो सगळ्यांना दिसतो, हे मला, एवढ्या जुन्या खोडाला, कसं सुचलं नाही?

लगेच त्याच्या मुलीचा मेसेज. “अप्पा, तुमी हाय का?”

म्हणजे वर्षभर ती त्या नावाकडं बघत बसली होती?

घाबरून लॉगआउट केलं. ठिपका विझला. तिनं तो विझताना पाहिला असणार.