खिडक्या मीच बुजवल्या

४ मार्च
आले एकदाची! ताईने खरंच तिच्या अंगणातली मोटरहोम मला दिली. म्हणाली, चिमणे, नोकरी गेली तर गेली, ही गाडी दुरुस्त कर आणि राहा खुशाल. आत पलंग, शेगडी, इवलंसं बेसिन. वास मात्र जुन्या मोज्यांसारखा. ताईच्या घरात लाइट नाहीये. वायरमन येतो येतो म्हणतो आणि येत नाही म्हणे. दाजी वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेत. मी हाक मारली तर डोळेसुद्धा उघडले नाहीत त्यांनी. आई गेल्यापासून मला ताईच आई. तिच्याजवळ राहायला मिळतंय, बास.

७ मार्च
खिडक्यांचं रबर इतकं वाळलेलं की नखाने भुगा पडत होता. पट्टीने खरवडलं, खाच स्पिरिटने पुसली, नवं रबर न ओढता नुसतं दाबत दाबत बसवलं. ओढलं की ते मागाहून आक्रसतं आणि कोपऱ्यात फट पडते; एक अख्खी खिडकी वाया घालवून शिकलेय हे. वरून सिलिकॉन. मग पाइपने पाणी मारलं, आत थेंब नाही! ताई प्रत्येक काचेच्या कडेने बोट फिरवत म्हणाली, वाऱ्याची झुळूकही जाता कामा नये हं. छतावरची जाळीपण बुजवायला लावली. धूळ येते म्हणे. मी म्हटलं, बाई, मला काय बरणीत भरून ठेवणार आहेस? दोघी पोट धरून हसलो.

९ मार्च
ताई म्हणाली, वायरमन येऊन गेला. मला काही दिसला नाही. आता गाडीला घरातून वीज. वायर तिने आधीच आणून ठेवलेली, मनगटाएवढी जाड, दाजींच्या खोलीच्या खिडकीतून खाली सोडलेली. मी म्हटलं, मीटरपासून ओढू, जवळ पडेल. तर नको, तिथला बोर्ड जुना आहे. प्लग लावला, माझ्याकडे दिवा, घरात दिवे, मी नाचले. ताई रडली. एवढं काय रडायचं त्यात!

१४ मार्च
दाजी उठून बसले! पोटभर जेवले! ताईचे पाय जमिनीवर नाहीत. मी मात्र पार गळून गेलेय. फणीत केसांचा पुंजका, दोन पायऱ्या चढले की धाप. कामाचा शीण असेल.

१७ मार्च
पंख्याची वायर बदलायची म्हणून आधी प्लग काढला. गाडीतला दिवा तसाच चालू, बॅटरीवर असेल. पण घरातला टीव्ही गपकन बंद झाला आणि वरून दाजी किंचाळले. ताई अनवाणी धावत आली. मला ढकललं. आधी प्लग लावला, मग म्हणाली, याला पुन्हा हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे.
मला. असं. ताई.

१८ मार्च
मीटर बघायला गेले. मीटर नाहीच. भिंतीवर नुसते खिळे आणि कोळ्याचं जाळं. खांबावरून येणारी तार कापलेली, कधीची गंजलेली.
पलंगाखालची बॅटरीची पेटी उघडली. रिकामी.
मग उजेड कुठून — ती जाड वायर पलंगाच्या फळीत शिरलीय, मी पाठ टेकते तिथेच —

२० मार्च
दार उघडत नाही. बाहेरून काहीतरी लावलंय. पाय उचलत नाहीत. दाजी अंगणात फिरतायत, गाल भरलेत. काचेच्या कडेला अंगठा दाबून म्हणाले, काम चोख आहे हो, मेहुणी असावी तर अशी.

२१ मार्च
ताईला काचेतून विचारलं, का. म्हणाली, तू नाही म्हणाली असतीस तर? म्हणून विचारलंच नाही.
अगं, विचारायचंस तरी. तुझ्यासाठी मी —

२२
रबर खरवडतेय. एवढीशी फट. घरातले दिवे फडफडले. ताई सिलिकॉन घेऊन आली, बाहेरून भरतेय. माझ्याकडे बघत नाही.
हे पान काचेजवळ धरून लिहितेय — तिला दिसेल असं — ताई वाच — वर बघ ना — एकदा विचार मला, मी अजूनही हो म्ह