नव्या माणसाची जुनी आई

नव्याकोऱ्या दादास,

काल आमच्या ऑफिसात तू आत्मनूतनीकरणावर भाषण ठोकलंस. "जुनी ओझी टाका, रोज नव्याने जन्म घ्या!" टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत होते, तू टाकलेल्या ओझ्याला अंघोळ घालून आलेली. आई विसरायला लागली, नेमकी तेव्हाच तुला नवं व्हायची हुक्की आली होती ना?

पण आई तुझ्याही पुढे गेली. फी न भरता रोज सकाळी कोरी होऊन उठते आणि मलाच विचारते, "बाई, तुम्ही कोण?" मी सांगते, मग ती चहाला तोंड लावते. आज म्हणाली, "मला मुलं किती हो?"

"एकच," मी म्हटलं. "मुलगी."

तिने समाधानाने मान डोलावली.

हे पत्र पाठवत नाही. मला कुठला आलाय दादा?

आईची एकुलती एक