काळ्या टॉर्चचा तांबूस रंग

प्रिय खारूताई,

तुझ्या जुन्या एप्रनच्या खिशात परवा तीन स्क्रू सापडले. चार वर्षं झाली, तरी तुझा साठा संपलेला नाही. हसू आलं, आणि मग दुकानात बसवेना, म्हणून शटर ओढून घरी आलो.

तुझी आई सध्या माझ्यावर जाम वैतागली आहे. मी तिच्या ओव्हनमध्ये टॉर्च भाजतोय. हसू नकोस. सेल, काच, दिवा, रबराच्या रिंगा, सगळं आधी काढून ठेवतो, तू काढायचीस तसंच. पहिल्या खेपेला एक रिंग आतच राहिली आणि घरभर असा वास सुटला, की दोन दिवस तिने माझ्याशी अबोला धरला. ॲल्युमिनियमचं नुसतं काळं नळकांडं आत ठेवायचं आणि ओव्हनच्या काचेला डोळे लावून बसायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग काळा जांभळट होतो, जांभळ्याचा तपकिरी, आणि त्यानंतर जरासा वेळच तो तुझा रंग दिसतो, कोऱ्या चहासारखा तांबूस. तेवढ्यात बाहेर काढायला हवं. मला जमत नाही. पाच वाया गेले. कुठला मळकट, कुठला फिका, आणि एकदा उडालेला काळा काही परत चढत नाही.

तुला कसं जमलं होतं गं? बोगद्यावरच्या त्या इंजिनिअरने टॉर्च दुरुस्तीला टाकला आणि कामावर सगळ्यांचे काळेच, रोज अदलाबदल होते, म्हणून सहज कुरकुर केली. तू त्याला न विचारता, मला न विचारता, टॉर्च असाच भाजून त्याचा रंगच पालटून टाकलास. तो न्यायला आला, तेव्हा त्याने काही म्हणायच्या आत मी तुझ्यावर तोंड सोडलं. भरल्या दुकानात. गिऱ्हाइकाच्या वस्तूची वाट लावलीस म्हणालो, अक्कल गहाण टाकलीस का म्हणालो. त्याच्या हातात नवा काळा टॉर्च कोंबला. तू एप्रन खुंटीला अडकवलास आणि निघून गेलीस. आठवड्याभरात दुसऱ्या शहरात नोकरी धरलीस. तेव्हापासून तुझा फोन येतो तो आईला. मी शेजारी बसून पेपर वाचल्यासारखं करतो. पान उलटत नाही, हे तिने तुला सांगितलं असेलच. तुझी फार आठवण येते, पोरी. तुझ्या स्टुलावर मी कुणाला बसू देत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते लिहितो. त्या भांडणाच्या दुसऱ्याच दिवशी तो इंजिनिअर नवा टॉर्च परत घेऊन आला होता. तू अजून घरीच होतीस, सामान बांधत होतीस. त्याला तो तांबूसच हवा होता. शंभरांत ओळखू येईल म्हणाला, तुझं नाव काढून कौतुक केलं. मी सांगितलं, मोडीत काढला. काढला नव्हता. माझ्या ड्रॉवरमध्ये होता, अजून आहे. माझंच चुकलं, हे तुला सांगायला जीभ रेटली नाही, आणि मग दिवस जात राहिले. तसाच एक जमला की तुला पाठवू, म्हणजे हे लिहावं लागणार नाही, असा माझा डाव होता. तो फसला. बोगद्याचं काम अजून चालू आहे, इंजिनिअरही तिथेच आहे. तू ये, आणि त्याचा टॉर्च त्याला तुझ्या हाताने दे. मोडीत काढला नव्हता, हे मी सांगेन त्याला, भरल्या दुकानात.

तुझाच,
बाबा