विहिरीच्या मातीची माणसं

दुबलगुंडी, १२ एप्रिल
पोचले बाई एकदाची! लातूरहून हुमनाबाद, पुढं टमटममध्ये शेळ्यांबरोबर. गावातल्या माणिकप्पांनी कामाला दिलेलं पत्र्याचं गोदाम ऐसपैस आहे. शेजारीच त्यांची कोरडी विहीर, तळाला काळा गाळ. त्या गाळाची पाच माणसं करायची, तहानेनं तोंड वासलेली. भट्टीत भाजायची न्हाईत. महिनाअखेरीला कलबुर्गीच्या प्रदर्शनात लोकांसमोर उन्हात तडकू द्यायची. पाणी संपल्यावर आपलं काय होणार ते दिसेल सगळ्यांना. माणिकप्पांच्या बायकोनं, कमलअक्कांनी, ज्वारीची भाकरी नि अंबाडीची भाजी पाठवली. पोटभर जेवले.

१५ एप्रिल
तीन झाली. घसे बोटानं आतपर्यंत कोरले. कमलअक्का बघायला आल्या नि दारातच थबकल्या. ह्यास्नी तोंडं कामून केलीस, म्हणाल्या. विहिरीच्या मातीला तोंड केलं की तिला परत पाण्यात सोडावं लागतंय, आषाढातली मातीची देवी बी आम्ही सोडताव. न्हाई सोडलं तर ती आपणच पाणी हुडकत येती. आणि औंदा विहिरीत तर थेंब न्हाई. मी म्हटलं, अक्का, हे देव न्हाईत, प्रदर्शनाचे पुतळे आहेत. त्या म्हणाल्या, मातीला काय ठावं? मला हसूच आलं.

१९ एप्रिल
पाचही झाली. पत्र्यावर भाकरी भाजावी असं ऊन, तरी मेली वाळेनात. सकाळी टँकरवर भरलेली घागर दुपारी कोरडी. उलटीपालटी करून बघितली, कुठंच गळत न्हाई. पुतळ्यांचे ओठ ओले.
माणिकप्पा तावातावानं आले. सोडायला पाणी न्हाई, तवा फोड ही माणसं, न्हाईतर गाव सोड, म्हणाले. तुला आता तांब्याभर पाणी मिळणार न्हाई. फोडू? तीन वर्षांनी माझं काम कुणी मांडायलंय! न्हाई फोडणार. काय करायचं ते करा.

२२ एप्रिल
अक्कांची म्हैस भरदुपारी गेली. कातडं वाळून हाडाला चिकटलेलं. गोठ्याच्या दारात काळ्या मातीचे ओले पाय उमटलेत.
गाव जमलं. दगड आले. टमटमवाला मला घेईना, तुझ्या हाताला ती माती हाय म्हणाला.
भीती वाटायलीय.

२३ एप्रिल
शेवटी फावडं घेतलं. एकाला फोडलं. आतून पाणी आलं — गरम, म्हशीच्या अंगाचा वास —
बाकीचे चौघं तोंड फिरवून बघायलेत. मी तोंडं भिंतीकडं करून ठेवली होती.

२४
थुंकी येईना. ओठ चिरले, रक्त न्हाई. रडायलेय, पण डोळे कोरडेच. अक्का लांबूनच ओरडल्या, पाण्यात सोड त्यास्नी!
पाणी कुठंय, अक्का?

२५ — दुपार
दार बाहेरून लावलंय. गावानंच —
चौघं जवळ आलेत. घसे मीच कोरले. माझ्याच बोटानं —
पाण्यात सोडायचं. उरलंसुरलं पाणी आता फक्त माझ्यात —
पहिला वाकला. ओठ गार आहेत त्याचे, किती गा