कापसाची खाज

२० डिसेंबर २०२३
शुद्धलेखन चुकलं तं माफ करजा. सातवीत शाळा सुटली, मोबाईलवर एक एक अक्षर शोधून लिहून राह्यली. एकोणीस पूर्ण झालं अन् काल लगन होऊन दिग्रसजवळच्या या गावात आली. घर चांगलं हाय. भाव नाही म्हणून समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरला हाय. सासू मैनाबाई म्हणे, पोरी, तुह्या गादीएवढी जाड गादी गावात कोणाचीच नाही. मी लाजली, पण हासू आलं.

३ जानेवारी
माहे मालक अमर ट्रकवर कापसाच्या गाठी घेऊन गुजरातले गेलते. नवव्या दिवशी आले. आत्याबाईनं, म्हंजे सासूनं, उंबऱ्याबाहेर पाय धुवाले पाणी देल्लं, अन् दोन कॅप्सूल. बाहेरचं बाहेरच राह्यलं पाह्यजे, म्हणे. सगळेच डायवर घेतात. कायच्या, ते मले विचारता नाही आलं.

११ मार्च
पोटुशी हाय, तिसरा महिना. तळहातावर तांबडे ठिपके आले. आत्याबाई म्हणे कापसाची खाज हाय, घरोघरी हाय, खोबरेल लाव. खाजत तं नाही. गावातली आशाताई मोतीबाई दोनदा आली, रगत तपासाले चाल म्हणे. मी दाराआड लपली.

२ मे
ठिपके आपोआप गेले. पोट हाललं. आतून कोणी टिचकी मारल्यासारखं. हे म्हणे, पोट्टं गिअर टाकून राह्यलं.

१९ मे
मोतीबाईनं हात धरून दवाखान्यात नेलं. रगतात गरमीचा रोग निघाला, सिफिलिस म्हणतात त्याले. ठिपके त्याचेच होते. नर्सबाई म्हणे, त्या कॅप्सूल बाहेर संबंध आल्यावर तीन दिवसांच्या आत घ्या लागतात, तेही डॉक्टरले विचारून. हे नवव्या दिवशी घेत, दारात. मले सुई देल्ली. मालकालेही घ्या लागते. पोटातल्या लेकरालेही हा रोग लागते, उशीर झाला, पण पाहू, म्हणे —

२२ मे
हे सुई नाही घेत. मी तं दर खेपेले कॅप्सूल घेतली, म्हणतात.
माह्या मालकाची पहिली बायको होती. आजच कळलं. शेजारची जमनी सांगे, दोन लेकरं, दोन्ही पोटातच गेली — तिच्याही तळहातावर ठिपके. तिलेही खोबरेल —

२५ मे
कालपासून टिचकी नाही. गूळ खाल्ला. डाव्या कुशीवर निजली. हाल ना रे —

२७ मे
डॉक्टरबाईनं पोटावर मशीन फिरवली. पुन्हा फिरवली. मंग मशीनचा पडदा माह्याकडून वळवला.
आत्याबाई पायापाशी. मीच म्हणलं खाज हाय, मीच म्हणलं, एवढंच म्हणून राह्यली —
आता कळा आणाची सुई देतात —
फोन वाजला. माही लहान बहीण प्रेरणा. दहावी पास झाली, फस्ट क्लास. बाबा पेढे घेऊन तुह्याकडं निघाले, म्हणे —