माश्यांच्या गाडीतून आलेल्या गोळ्या

विन्कोव्त्सी, १४ जून २०२१

बाबा,

नमस्कार. मी बरा आहे, तुमचा गुडघा काय म्हणतो? पाच किलोमीटरवर राहणारा माणूस पत्र कसलं पाठवतो, असं म्हणाल. तोंडानं बोलायची हिंमत असती, तर तुमच्या यागोदाशी माझं लग्नच झालं नसतं.

तिचा काल डब्लिनहून फोन होता. घटस्फोटापासून आमचं छान जमतं.

परवा तपासणीला झाग्रेबला गेलो होतो. मागच्या वर्षी एप्रिलात, कोरोनाच्या टाळेबंदीत, गाव सोडायला पास लागायचा, आठवतं? पासावर दवाखान्याचा विभाग लिहायचा, आणि कचेरीत पास द्यायला तुमची भाची रुझित्सा. तिला कळलं की गावाला वेगळं कळवावं लागत नाही. डबीत नऊ गोळ्या उरल्या होत्या, म्हणून झाग्रेबहून आणायला तुम्हाला गळ घातली. मी म्हणालो, "ब्लडप्रेशरच्या आहेत." तुम्ही म्हणालात, "एवढ्या लांबचं ब्लडप्रेशर?" आणि मधपाळाच्या पासावर, गाडीत दोन पेट्या मधमाश्या घालून निघालात. नाक्यावर पोलिसानं विचारलं, मागे काय? "माश्या. उघडून दाखवू?" "जा काका, जा."

परवा खिडकीतली नर्स म्हणाली, "तुमच्या सासऱ्यांची माफी मागायचीय. मधे काच, तोंडाला मास्क, त्यात त्यांना ऐकू कमी. मी अंगणभर ओरडले, 'एचआयव्हीच्या! तीन महिन्यांच्या!' ते म्हणाले, 'काय?' मी परत ओरडले."

मी विचारलं, "मग?"

"मग विचारलं, एका ताटात जेवलं तर काही होतं का? म्हटलं, काही नाही. रोज नेमानं गोळी घेतली, विषाणू दबलेला राहिला, की शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. तर म्हणाले, 'एवढं नव्हतं विचारलं. लवकर द्या बाई, माश्या उन्हात आहेत.'"

म्हणजे चौदा महिने तुम्हाला ठाऊक होतं. डिसेंबरात पुन्हा रस्ते बंद झाले, तेव्हा तुम्हीच विचारलंत, "ब्लडप्रेशर संपत आलं का?" आणि रिकाम्या पेट्या घेऊन निघालात. दर रविवारी माझ्याच चमच्यानं सूपचं मीठ बघत होतात, आणि मी शहाणा समजत होतो, माझं खोटं झकास चाललंय.

यागोदाला मी, मला कळलं त्याच आठवड्यात सांगितलं होतं. तिच्या तपासण्या स्वच्छ निघाल्या. तिनं तुमच्यापासून लपवलं ते माझ्यासाठी. तिच्यावर रागावू नका.

आता नर्सला माहीत नव्हतं ते. ज्या माणसाकडून मला हे लागलं, ती बाई नव्हती, बाबा. पुरुष होता. तो कधीच सोडून गेला. आता वियेको आहे, ओसियेकचा, शाळेची बस चालवतो. त्या टाळेबंदीत आम्ही चाळीस किलोमीटरवरून दोन महिने फोनवर एकमेकांचा घोरण्याचा आवाज ऐकला. रस्ते उघडले तरी हा पठ्ठ्या म्हणे, आधी माझी तपासणी होऊ दे. आणि मोफत तपासणी केंद्राला कुलूप. जुलै उजाडला. इतकं सोवळं प्रेम माझ्या आजीनंही केलं नसेल.

आभार मानायला बसलो आणि मागणंच घेऊन उभा राहिलो. रविवारी त्याला जेवायला आणू का? नको म्हणालात तरी तुमच्या पेट्या हलवायला मी येणारच. फक्त जेवायला थांबणार नाही. उत्तर लिहू नका, तुमचं अक्षर रुझित्सालाही लागत नाही. अंगणात तीन खुर्च्या मांडा किंवा नेहमीच्या दोन. आम्ही फाटकाबाहेरून बघू.

तुम्ही म्हणाल तोवर तुमचा जावई,
झ्वोन्को